झाकलेलं बटण

मी डूख धरणारी बाई आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला गरीब गाय समजायला नको. लोक म्हणतात, झालं गेलं विसरून जावं. मी विसरत नाही. मी तारीख, वेळ आणि कोण कुठे बसलं होतं ते लिहून ठेवते. माझं कामच तसलं आहे.

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत युजर टेस्टिंग घेते. आमच्या लोकांनी एखादं अ‍ॅप बनवलं की मी बाहेरच्या पाच साध्या माणसांना एकेक करून बोलावते, हातात फोन देते आणि सांगते, "यातून डॉक्टरांची वेळ घेऊन दाखवा." मग गप्प बसते. मदत करायची नाही, मान डोलवायची नाही, "बरोबर" असंही म्हणायचं नाही. माणूस कुठे अडतो ते टिपायचं. पाच जण झाले की अहवाल जातो, डिझाइनवाले दुरुस्त्या करतात, आणि नव्या आवृत्तीला नवे पाच जण येतात. यात आमची एक रीत आहे. चूक कुठे होती ते डिझाइनवाल्यांना सांगायचं, खुर्चीत बसलेल्या माणसाला नाही. त्याला "तुमची खूप मदत झाली" म्हणून लिफ्टपर्यंत सोडायचं आणि विसरायचं.

खोल्या दोन. एकीत टेबल, दोन खुर्च्या, पाण्याचा ग्लास, आणि वरून टेबलावर रोखलेला कॅमेरा. कॅमेऱ्यात फक्त फोन आणि हात दिसतात, चेहरा दाखवायचा नाही हा नियम. शेजारच्या खोलीत मोठा पडदा, आणि त्यापुढे डिझाइनवाले कॉफी पीत उंटावरून शेळ्या हाकत बसलेले. त्यांना मला काही सांगायचं असेल तर त्यांच्या टेबलाच्या कडेला एक बटण आहे. ते दाबलं की त्यांचा आवाज माझ्या खोलीतल्या छोट्या स्पीकरमधून येतो. एकदा दाबलं की चालू, परत दाबलं की बंद. चालू असल्याचा लाल दिवा मात्र भिंतीच्या बाजूला, कुणाला दिसेल तर शपथ. जगाची बटणं सुधारणारी आमची कंपनी, आणि स्वतःच्या घरात हे असं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मी तीनदा लेखी तक्रार केली होती.

डिझाइनच्या प्रमुखाला मी मनात नकल्या म्हणते. माणूस हुशार, कपडे झकास, आणि नकला करण्यात पटाईत. चाचणी सुरू झाली की तो पडद्याचा आवाज बंद करायचा आणि नुसत्या हातांना स्वतःचा आवाज द्यायचा. हात थरथरले की थरथरत्या आवाजात, बोट चुकलं की चिरक्या आवाजात. खोलीतली माणसं हसून हसून टेबलावर पडायची. ग्राहकांसमोर मात्र त्याचं एकच पालुपद असायचं, "मी प्रत्येक स्क्रीन माझ्या आईसाठी बनवतो. माझ्या आईला जमलं, तर जगाला जमेल." ग्राहक माना डोलवायचे. काहींचे डोळे पाणावायचे.

आता मूळ गोष्ट. दवाखान्याच्या अ‍ॅपची पहिली आवृत्ती. पाचवा माणूस आयत्या वेळी आला नाही, आणि मी आईला फोन केला. नातेवाईक बसवायचा नसतो, मला माहीत होतं. पण आई जवळच राहायची, वय बसत होतं, आणि तिला कधीची माझी कचेरी बघायची होती.

माझ्या आईने चाळीस वर्षं शिवणकाम केलं. बारीकातल्या बारीक सुईत ती पहिल्या फटक्यात दोरा घालते. फोनही ती तसाच शिकली होती, चिकाटीने. रोज सकाळी मला व्हिडिओ कॉल करायची. निम्मा वेळ तिचं कपाळच दिसायचं, पण कॉल यायचाच. मी घर सोडून नऊ वर्षं झाली होती आणि एक दिवस चुकला नव्हता.

तिने स्वतःचं नाव टाइप केलं आणि अडली. "पुढे" बटण सापडेना. तिचं बोट पडद्यावर फिरत राहिलं, वर, खाली, कडेला. मी नियमाप्रमाणे गप्प. आणि स्पीकरमधून नकल्याचा आवाज आला, म्हातारीचं सोंग घेतलेला.

"अगं बाई, गेलं कुठे मेलं! काच पुसू का जरा? काच पुसायला बरी येते हो मला!"

मागे हशा. मघाशी मला काहीतरी सांगायला त्याने बटण दाबलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं.

"माझी मुलगी करून देईल हो. मला काय, मला नुसतं हात हलवायला ठेवलंय!"

आईचं बोट थांबलं. तिने स्पीकरकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी उठून दाराकडे वळेपर्यंत तिने फोन टेबलावर पालथा ठेवला होता. "मला नाही जमत गं," ती म्हणाली. "उगाच तुझी अब्रू गेली चार लोकांत." माझी अब्रू! मी तिला लिफ्टपर्यंत सोडलं. "तुमची खूप मदत झाली," हे वाक्य सवयीने माझ्या तोंडातून निघालं, आणि आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॉल आला नाही. तिसऱ्या दिवशी मीच घरी गेले. तिचा फोन शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डब्याशेजारी, बंद करून ठेवला होता. "घरचा साधा फोन आहे ना," ती म्हणाली. "हे आता तुम्हा लोकांचं."

मी नकल्याकडे गेले. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ती तुझी आई होती? अगं, मला काय माहीत! आम्हाला हातच दिसतात. आणि विनोद होता तो. इतकं मनाला लावून घेऊ नकोस."

मनाला नाही, मी वहीला लावून घेतलं. त्या दिवसापासून मी सूड घ्यायचा ठरवला, आणि तोही आमच्याच पद्धतीने. पहिली आवृत्ती काढायची, चाचणी घ्यायची, कुठे फसलं ते लिहायचं, दुरुस्त करायचं.

सुडाची पहिली आवृत्ती सरळ होती. मी अहवालात सगळं लिहिलं. चाचणीत काय घडलं, कोण काय बोललं. शिवाय मुख्य दोष लिहिला: टाइप करायला कीबोर्ड वर आला की "पुढे" बटण त्याच्याखाली झाकलं जातं. माणसाची चूक नाही, बटण दिसतच नाही. नकल्याने दोषाचं पान ठेवलं, बाकीचं गाळलं. अ‍ॅपच्या दुसऱ्या आवृत्तीत बटण कीबोर्डच्या वर आलं, आणि ग्राहकांच्या बैठकीत तो म्हणाला, "हे मला माझ्या आईमुळे सुचलं." मी वहीत लिहिलं: कागदाने हा मरत नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी एका निवृत्त बसचालकाला बोलावलं. माणूस दाराएवढा, आवाज भोंग्यासारखा. चाचणीआधी मी शेजारच्या खोलीत पडद्याची वायर तपासायच्या निमित्ताने गेले आणि ते बटण दाबून आले. नकल्याने नेहमीप्रमाणे आवाज बंद करून नक्कल सुरू केली. बसचालक दोन मिनिटं ऐकत राहिला, मग उठला, तडक शेजारच्या खोलीत शिरला आणि असा काही बरसला की कॉफीचे कप हलले. मला वाटलं, जिंकले. पण नकल्याने त्याचे दोन्ही हात धरले, मनापासून माफी मागितली, वर कंपनीची छत्री भेट दिली. संध्याकाळी तो त्याच बसचालकाची नक्कल करून सगळ्यांना हसवत होता. मी लिहिलं: परक्यापुढे याला लाज वाटत नाही. ज्याच्यापुढे वाटेल असा माणूस हवा.

तो माणूस मला आमच्या स्वागतकक्षातल्या बाकावर सापडला.

साठी उलटलेल्या एक बाई हातात चष्म्याचं घर धरून बसल्या होत्या. मी जेवायला जाताना होत्या, परत आले तरी होत्या. भिंतीवर पाहुण्यांची नोंद करायचा टॅबलेट आहे, तो त्यांना आत सोडत नव्हता. तोही नकल्याच्याच लोकांनी बनवलेला.

"मुलाचा चष्मा राहिला घरी," त्या म्हणाल्या. "फोन उचलत नाही तो. कामात असेल. मोठा माणूस आहे इथला." आणि त्यांनी नकल्याचं खरं नाव घेतलं, तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"काकू, तुम्ही त्यांचं अ‍ॅप कधी वापरून बघितलंय?"

"छे गं. मी म्हटलं त्याला, मला दाखव तरी. तर म्हणतो, आई, तुला नाही जमणार, राहू दे."

"माझ्या आईसाठी बनवतो" म्हणणाऱ्याने आईला ते दाखवलंही नव्हतं. मी त्यांच्या शेजारी बसले. गोड बोलले. म्हटलं, तिसऱ्या आवृत्तीची चाचणी परवा आहे, तुम्हीच या, त्यांना सांगू नका, गंमत करू. काकूंचा चेहरा असा खुलला, की दुसरी कुणी असती तर तिथेच थांबली असती. मी नाही थांबले.

ठरलेल्या दिवशी त्या वेळेआधी वीस मिनिटं आल्या. केस नीट बांधलेले, ठेवणीतले कपडे. मी नियमाप्रमाणे सांगितलं की शेजारच्या खोलीत आमची काही माणसं बघत असतील, आणि फक्त हात दिसतील.

"तो पण असेल?"

"असतील."

"मग लगेच ओळखेल," त्या हसल्या. त्यांनी डावा अंगठा पुढे केला. नख मधोमध चिरलेलं होतं, दोन वेगळ्या नखांसारखं वाढलेलं. "चार वर्षांचा होता. गाडीचं दार आपटलं त्याने, माझा अंगठा आत. मी नाही रडले, तोच तीन दिवस रडत होता. हे नख नाही ओळखणार तो?"

मी "हो ना" म्हटलं, वायर तपासायला शेजारी गेले आणि बटण दाबून आले.

सुरुवातीला नुसती कुजबुज आली. काकूंनी मी मुद्दाम दिलेलं दुसरंच नाव टाइप केलं. हळूहळू, एका बोटाने, प्रत्येक अक्षराला थांबून. आणि मग त्याचा आवाज.

"थांबा हो, थांबा! आधी देवाचं नाव घेते, मग अक्षर शोधते!"

हशा. काकूंनी मान वर केली. आवाज ओळखीचा वाटून त्या हसल्यासुद्धा, क्षणभर. मग त्यांना तो कशाबद्दल बोलतोय ते कळलं. मी बघत होते. मला बघायचंच होतं.

"अहो, हे नख बघा! हे नख नाही, फावडं आहे! दोन बटणं एका वेळी दाबायची सोय!"

टेबलावर हात आपटल्याचे आवाज आले. काकूंचा अंगठा आपोआप मुठीत गेला. माझ्या आईचं बोट थांबलं होतं, तसंच आता हेही थांबणार, असं मला वाटलं. पण त्यांनी मूठ उघडली, चष्मा वर सरकवला आणि "पुढे" दाबलं. बटण कीबोर्डच्या वर होतं, समोर, कुणालाही दिसेल असं. माझ्या आईने अडखळून जी वाट मोकळी केली होती, त्या वाटेने त्याची आई पुढे गेली. तारीख निवडली. डॉक्टर निवडला. शेवटचं पान आलं: जवळच्या नातेवाइकाचा फोन नंबर. हे पान या आवृत्तीत नवं होतं. नकल्याच्या आग्रहाने पहिल्यांदाच त्यातून खरा संदेश जाणार होता.

नातं या रकान्यात त्यांनी "मुलगा" निवडलं.

"माझा बाळ येईल हो धावत! त्याला काय दुसरं काम आहे!" स्पीकरमधून आवाज.

त्यांनी नंबर टाइप करायला घेतला. कुठेही न बघता, पाठ असलेला. सहाव्या-सातव्या आकड्याला हशा जरा विरळ झाला. त्या खोलीत निम्म्या लोकांना तो नंबर माहीत होता. शेवटचा आकडा पडला तेव्हा स्पीकरमध्ये काहीच नव्हतं. काकूंनी "नोंदवा" दाबलं, आणि शेजारच्या खोलीत टेबलावर एक फोन थरथरला. तो संदेश आमच्याच लोकांनी लिहिलेला, मला तोंडपाठ होता: आपल्या आईने आपल्याला जवळचे नातेवाईक म्हणून नोंदवले आहे.

चार मिनिटं दहा सेकंद. त्या आवृत्तीत काम पूर्ण करणाऱ्या त्या पहिल्या.

खरं सांगते, त्या क्षणी मला जो आनंद झाला तो आयुष्यात दुसऱ्या कशानेही झाला नाही. दार उघडलं. नकल्या उंबऱ्यात उभा होता, तोंडात मारल्यासारखा, हातात फोन.

"आई..."

"माझं काम चालू आहे," काकू त्याच्याकडे न बघता म्हणाल्या. "बाहेर थांब. दार लावून घे."

त्याने खरंच लावून घेतलं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "शाळेत असल्यापासून माझी नक्कल करतो तो. पाहुण्यांसमोर करायचा. मीच हसायचे, मीच म्हणायचे, परत करून दाखव." थोडं पाणी प्यायल्या. "तुमचं कोण बसलं होतं या खुर्चीत?"

मला खोटं सुचलं नाही. "माझी आई."

"मला वाटलंच. उगाच कुणी इतकं गोड बोलत नाही." त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुम्ही दोघं सारखीच. त्याने बघितलं नाही कुणाचे हात आहेत, आणि तुम्ही बघूनसुद्धा बसवलंत."

मी फॉर्म पुढे केला. त्यात शेवटी एक चौकट असते: माझ्या चाचणीचं चित्रीकरण कंपनीत दाखवायला हरकत नाही. वाटलं, फाडून टाकतील. त्यांनी चौकटीत खूण केली आणि खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: आवाजासकट.

आवाजासकटच दाखवलं मी, पुढच्या आढाव्याला, भरल्या सभागृहात. कुणी हसलं नाही. नकल्या पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. त्यानंतर त्याच्या भाषणातून आई गेली आणि पडद्याचा आवाज पुन्हा कुणी बंद केला नाही. त्या बटणाचा दिवाही आता समोर आलाय. माझी चौथी तक्रार मंजूर झाली.

मी उड्या मारतच आईकडे गेले. ती मशीनवर बसून कुणाचा तरी पडदा शिवत होती. मी सगळं सांगितलं, रंगवून, त्याचा चेहरा कसा पडला ते दोनदा. वाटलं, ती पाय थांबवेल, हसेल, खणातून फोन काढेल.

तिने पाय थांबवला. "त्या बाईंना किती लागलं असेल."

"आई, अगं, तुझ्यासाठी केलं मी!"

"माझ्यासाठी? वड्याचं तेल वांग्यावर काढलंस आणि म्हणे माझ्यासाठी." तिने दोरा दातांनी तोडला. मग विचारलं, "पण त्यांना ते बटण सापडलं कसं? मला तर काही केल्या सापडलं नव्हतं."

"सापडणार कसं? तुझ्या वेळी ते झाकलेलं होतं. कीबोर्डखाली. कुणालाच सापडलं नसतं. तुझ्यामुळेच तर वर आणलं त्यांनी."

आईने हातातलं कापड खाली ठेवलं.

"म्हणजे बटण खरंच नव्हतं तिथे?"

"नव्हतंच."

"तुला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी," मी म्हणाले. त्याच दिवशी कळलं होतं मला. अहवालात लिहिलं होतं, नकल्याला सांगितलं होतं, दोन बैठकांत पडद्यावर दाखवलं होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाला सांगायचं नसतं, म्हणून सांगितलं नव्हतं. नंतर रागाच्या भरात सांगायचं राहूनच गेलं.

"अकरा आठवडे," आई म्हणाली. तिनेही मोजले होते, माझं वळण कुठून आलं ते तेव्हा कळलं. "अकरा आठवडे मी समजत होते की माझी बोटं गेली, डोकं गेलं. कापायच्या आधी कापड तीनदा मोजत होते. आणि तू सूड घेत होतीस."

मी रडले, ते सांगायला लाज नाही. तिने मला जवळ घेतलं नाही. तिने मशीनचा खण ओढला, बॉबिनांचा डबा बाजूला केला, फोन काढला, आणि चार्जर कुठे ठेवलाय ते शोधायला लागली.

"त्या बाईंचा नंबर दे," ती म्हणाली. "आधी विचार त्यांना, चालेल का. विचारून दे या वेळी."

मी काकूंना विचारलं. त्या हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या नेहमीच्या वेळेला मी फोन समोर ठेवून बसले. कॉल आला नाही. दहा मिनिटांनी मीच लावला. लाइन बिझी होती. अर्ध्या तासाने परत लावला. बिझीच होती.